ज्या दुकानात मी उभी नव्हते

आप्पा,

आज आमच्याकडे फार्मसीच्या नव्या पदवीधरांना पांढरे कोट घालायचा समारंभ झाला, आणि मी पुन्हा तेच केलं जे तुम्हाला आवडलं नव्हतं. माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही असतात तर एवढं ऐकूनच उठून गोठ्याकडे गेला असतात, आणि उरलेलं मला आईला सांगत बसावं लागलं असतं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे उठून जायची सोय आता राहिलेली नाही. आज सगळं ऐकावं लागेल.

माझ्या समारंभाला तुम्ही आला होतात तेव्हा हे नुसतं मिशनचं कॉलेज होतं. एका बाजूला दवाखाना, मधे चर्च, आणि सगळ्यांना मिळून एकच पाण्याची टाकी. आता त्याचं विद्यापीठ झालंय. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, सगळं एका आवारात, आणि मी तिथे फार्मसीच्या पोरांना शिकवते. पण समारंभाची रीत तीच आहे. आधी प्रार्थना, मग गायकवृंदाचं गाणं, मग एकेक पदवीधर स्टेजवर येणार आणि घरचं वडीलधारं माणूस त्याला कोट घालणार. पाहुण्यांच्या हातून नाही, प्राचार्यांच्या हातून नाही, घरच्याच माणसाच्या हातून. पाळकसाहेब नवीन आहेत, तरुण आहेत. त्यांनी आज प्रार्थनेत जे मागितलं ते मला आवडलं. ह्या मुलांच्या हातून चूक होऊ नये, असं सगळेच मागतात. हे म्हणाले, चूक झाली तर ती झाकायची बुद्धी त्यांना देऊ नकोस. टोपीवाले, फेटेवाले, पदरवाल्या, सगळ्यांच्या माना खाली होत्या. माझ्या वेळी मी तुम्हाला विचारलं होतं, आप्पा, इथली प्रार्थना तुम्हाला चालेल ना? तर तुम्ही म्हणालात, "देव कुनाचाबी असू दे, रांग सरळ पायजे." आज रांग सरळ होती.

माझा कोट तुम्ही आदल्या दिवशी भाताच्या पेजेची खळ करून स्वतः कडक केला होतात. कोळशाच्या इस्त्रीने, अंगणात खाट टाकून, फौजेतल्या सवयीने. कॉलेजच्या लाँड्रीत दिलाय म्हटलं तरी ऐकलं नाहीत. मग स्टेजवर तुम्ही सुभेदाराचा कोट आणि छातीवर बिल्ले लावून आलात, माझ्यामागे उभे राहिलात, आणि खळीने चिकटलेल्या त्या बाहीत माझा हातच शिरेना. तुम्ही ओढताय, मी ढकलतेय, कोट पत्र्यासारखा वाजतोय. सगळा हॉल हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही बाहीत स्वतःची मूठ घालून ती कोपरापर्यंत उघडलीत आणि पुन्हा माझ्यापुढे धरलीत, फौजेतलं एखादं काम उरकावं तसं. खाली उतरल्यावर तुमचे डोळे लाल होते. मला त्या दिवशी वाटलं, ह्या माणसाने मला दुनियेसमोर उभं केलं. अजूनही वाटतं. म्हणूनच तुमच्यावरचा राग इतकी वर्षं टिकला.

कारण त्याच दिवशी, परतीच्या एसटीत, नांद्रे मागे पडल्यावर तुम्ही विचारलंत, "कौन्सिलचं सर्टिफिकेट कवा येतंय?" मी म्हटलं, दोनेक महिन्यांत येईल. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आलं की दादाकडं द्यायचं हाय. त्येच्या दुकानात लावायला. मी शबुद दिलाय." दादा म्हणजे थोरल्या चुलत्यांचा मुलगा. पलूसच्या स्टँडजवळ त्याला मेडिकल टाकायचं होतं, आणि मेडिकल टाकायला फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर लागतं. फार्मासिस्ट स्वतःही तिथे लागतो, पण ते कुणी विचारत नाही. आपल्याकडे गावोगाव हेच चालतं. सर्टिफिकेट पलूसला, माणूस पुण्याला. कुणी भाड्याने देतं, कुणी भावकी म्हणून देतं. मी द्यायचं होतं भावकी म्हणून. तुम्ही अठरा वर्षं फौजेत होतात, तेवढी वर्षं थोरल्या चुलत्यांनी आपल्या वाटणीचा ऊस केला, आजीचं आजारपण काढलं, आणि एक कांडं इकडचं तिकडे केलं नाही. त्याची परतफेड तुम्ही माझ्या नावाने करणार होतात. मला विचारलं नाहीत. पण विचारलं असतंत तरी मी तेव्हा होच म्हटलं असतं, हेही खरं.

सही मी केली. जबरदस्ती झाली नव्हती. दादाने कागद आणले, तुम्ही पेन पुढे केलंत, आणि मी पूर्णवेळ त्या दुकानात हजर असेन अशा मजकुराखाली मी माझं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सांगलीला मिशनच्या दवाखान्यात नोकरीवर हजर झाले. आठ महिने माझं सर्टिफिकेट पलूसला सोनेरी फ्रेममध्ये होतं. दिवाळीत मी त्या दुकानात जाऊन पेढेसुद्धा खाल्ले, त्या फ्रेमखाली बसून. दादाने माझ्या नावाचा, नंबराचा रबरी शिक्का करून घेतला होता, आणि प्रत्येक पावतीवर तो जांभळा शिक्का मारताना त्याला फार मजा वाटायची. मलाही वाटली. नाव छापलेलं बघून कुणाला बरं वाटत नाही?

मग दवाखान्यात ती बाई आली. तुम्हाला त्या दिवशी मी सांगितलं होतं, पण तुम्ही अर्धं ऐकलंत, म्हणून पुन्हा सांगते. पलूसजवळच्याच एका वस्तीवरची, आईच्या वयाची. सांध्यांच्या दुखण्याने बोटं वाकडी झालेली. तोंडभर फोड, पाणी गिळता येईना, अंगावर निळे डाग, आणि रक्तातल्या पेशी इतक्या खाली आलेल्या की डॉक्टरांनी तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. काय काय औषधं चालू होती ते बघायचं काम माझं होतं. तिच्या नवऱ्याने धोतराच्या सोग्यातून पिशवी काढली. त्यात सांध्यांच्या आजाराची एक गोळी होती, पिवळी, बारकी. आप्पा, ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. एकच वार ठरवायचा आणि त्याच वारी घ्यायची. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसंच लिहिलेलं होतं, इंग्रजीत. मी विचारलं, "मामा, ही कशी दिली?" ते म्हणाले, "रोज एक बगा, जेवनावर. दुकानदारानं चांगलं दोनदा सांगितलंया. एक दिस बी चुकू दिली न्हाई म्या." चुकू दिली नाही. सोळा दिवस त्या माणसाने बायकोला हाताने विष दिलं, आणि एक दिवसही चुकला नाही म्हणून त्याला समाधान होतं.

पावती पिशवीतच होती. जांभळा शिक्का, माझं नाव, माझा नंबर. डॉक्टरांनी ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हा फार्मासिस्ट कोण आहे, शोधा जरा." माझं आडनाव आपल्या भागात घरटी एक सापडेल, गप्प राहिले असते तर त्या दिवशी तरी कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, "सर, मीच." ते बघतच राहिले. म्हणाले, "तू तर इथे असतेस." मी म्हटलं, "हो, इथेच असते." तिच्या नवऱ्याला काही उमगलं नाही, तो माझ्याकडे बघून हात जोडत होता. तो हात जोडत असताना मी तिथे कशी उभी राहिले, मला माहीत नाही.

त्याच दुपारी मी रजा टाकून पलूसला गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी काउंटरच्या आत शिरले, दादाचं स्टूल ओढलं, वर चढले आणि फ्रेम उतरवली. दादा म्हणाला, "अगं येडी का खुळी तू? काय करायलीस? इन्स्पेक्टर आला म्हंजे?" मी म्हटलं, "आला तर सांग, जिचं नाव हुतं ती आल्ती, आन घिऊन गेली." गल्ल्याशेजारचा शिक्काही उचलला. त्याला मी बाईबद्दल सगळं सांगितलं, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्या आवाजात. तो पांढरा पडला. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं, आप्पा. तो वाईट नव्हता. त्याला ती चिठ्ठी वाचता येत नव्हती एवढंच, आणि जिला वाचता येत होती ती भिंतीवर काचेत होती. तिथूनच सांगलीच्या औषध खात्याच्या कचेरीला पत्र लिहिलं, स्टँडवरच्या पोस्टात टाकलं, की माझं नाव काढा. मग घरी आले.

बातमी माझ्याआधी पोचली होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला होतात, आई चुलीपुढे भाकरी थापत होती. "खाली ठेव ते," तुम्ही म्हणालात. मी फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. सगळं सांगितलं. तुम्ही मधेच विचारलंत, "बाई जगंल का?" मी म्हटलं, "जगंल असं डॉक्टर म्हंत्यात." तर तुम्ही म्हणालात, "मंग झालं की. सर्टिफिकेट उद्या नेऊन लाव. दादा आता जपून करंल." आप्पा, ते 'मंग झालं की' माझ्या कानात अजून आहे. ज्या माणसाने हॉलभर लोकांपुढे माझ्यासाठी बाही उघडून धरली, तोच हे म्हणत होता.

मी म्हटलं, "आप्पा, फौजेत पहाऱ्याच्या यादीत नाव तुमचं आन हुभा दुसराच, असं कवा केलं तुमी?"

तुम्ही म्हणालात, "ती फौज हुती. हे घर हाय."

"मंग जे फौजेत चालत न्हाई, ते घरात कसं चालतंय?"

तुम्ही उठलात. मला वाटलं मारणार. मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "ज्यानं अठरा वरसं माझा बांध राखला, त्येच्या म्होरं मी आता कुठल्या तोंडानं जाऊ? तुला तुझं नाव दिसतंय. माझा शबुद दिसंना व्हय तुला?" आणि बाहेर गेलात. आईच्या तव्यावरची भाकरी करपली. आपल्या घरात आईची भाकरी करपलेली मी तेवढी एकदाच बघितली.

मला तुमचा शब्द दिसत होता. तो दिसत नव्हता असं तुम्ही समजून चाललात, ह्याचाच मला जास्त राग आहे. थोरले चुलते त्या दिवसापासून आपल्या घराची पायरी चढले नाहीत. दादाचं दुकान चार महिने बंद राहिलं, मग त्याला खंडाळ्याकडच्या कुणाचं तरी सर्टिफिकेट मिळालं, आणि ते पुन्हा उघडलं. तुम्ही देवळाच्या कट्ट्यावर एकटे बसायला लागलात. माझ्याशी बोलायचात, नाही असं नाही. उसाला पाणी आलं का, गाडी वेळेवर मिळाली का, जेवलीस का. सात वर्षं आपण एवढंच बोललो. माझ्या लग्नात तुम्ही सगळं केलंत, काही कमी केलं नाहीत, आणि एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा थोरले चुलते आले, खांदा दिला, आणि माझ्या शेजारून निघून गेले. एका फ्रेमने दोन भाऊ तोडले, असं भावकी म्हणते. भावकीला म्हणू दे. त्या बाईची खोली भावकीने बघितलेली नाही.

ती बाई बरी झाली, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून सांगते. तीन आठवडे राहिली. जाताना मला म्हणाली, "बाय, त्या पिवळ्या गोळ्या आता परत रोज चालू करायच्या न्हवं?" मी तिला बसवलं आणि घरी गेल्यावर काय करायचं, काय नाही, ते पाच वेळा तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. तेव्हापासून मी औषध देते ती अशीच, माणसाने परत सांगितल्याशिवाय पुडा सोडत नाही. माझे विद्यार्थी माझी नक्कल करतात, मान तिरकी करून "आता तुम्ही सांगा" म्हणतात. करू देत.

आता आजचं. कोट घालून झाले की पदवीधर शपथ घेतात. छापील शपथ आहे, चांगली आहे. मी गेली अकरा वर्षं तिच्या शेवटी माझं एक वाक्य जोडते: ज्या दुकानात मी उभी नसेन, तिथे माझं नाव लागू देणार नाही. मुलं 'उभा' म्हणतात. यंदा प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, मॅडम, ह्या वेळी तेवढं वाक्य राहू द्या, जेवण औषध दुकानदारांच्या मंडळींकडून आहे, समोरच बसणार आहेत, उगीच तोंड आंबट व्हायला नको. मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं म्हणजे गाळते असं नव्हे, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. आज छापील शपथ संपली आणि मी माईक सोडला नाही. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मोबाईल काढले. प्राचार्य छताकडे बघायला लागले. मुलं मात्र खणखणीत बोलली. एक सोडून.

ती मुलगी आटपाडीकडची. घरी मेंढरं होती, आता डाळिंब आहे. चार वर्षं माझ्या हाताखाली होती, हुशार, आणि चिठ्ठी वाचताना बोट ठेवून वाचणारी, जे मला फार आवडतं. आमच्याच दवाखान्यात तिची निवड झालीय. माझं वाक्य आलं तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते. मला लगेच कळलं. खोटं बोलायला नको म्हणून गप्प राहिली ती.

जेवणाच्या मांडवात तिचे वडीलच माझ्याकडे आले. डोक्याला गुलाबी पटका, नवा सदरा, हातात केकची बशी. केकवर क्रीमचा खलबत्ता काढला होता, त्यातला बत्ता ह्यांच्या वाट्याला आलेला. मला म्हणाले, "बाईसाब, त्ये सर्टिफिकेट कवा मिळंल? पोरीच्या मामानं खंडाळ्याला हायवेच्या कडंला गाळा घेतलाय. फ्रेम बी करून ठिवलीया." मुलगी मागे उभी होती, नव्या कोटाच्या खिशात हात घालून, खाली बघत. मी म्हटलं, "ती तर इथे नोकरीला लागतेय." ते म्हणाले, "व्हय की. ती हितं. सर्टिफिकेट तिकडं. सगळीच लावत्यात."

मी कायदा सांगितला. ते म्हणाले, "कायदा आमाला बी कळतोय बाईसाब, पर तुमच्या कायद्यानं माझा मेव्हणा परका व्हईल." मी त्या बाईची गोष्ट सांगितली. ते हळहळले, बशी खाली ठेवली, आणि म्हणाले, "पर मामा लय शाना हाय हो. त्यो असं करायचा न्हाई." मग जे म्हणाले त्याने मी गारच पडले. म्हणाले, "पोरीला शिकवायला त्येनंच हातभार लावला. म्या शबुद दिलाय त्येला." आप्पा, मुलीने तेव्हा वर बघितलं. मी तिच्या वयाची असताना कशी दिसत असेन, ते मला प्रथमच कळलं. ती फ्रेम उतरवायला जाणारी मुलगी नव्हती. ती आयुष्यभर पेढे खाऊन गप्प बसली असती, आणि कुठल्या तरी पिशवीतून तिचं नाव बाहेर यायची वाट बघत राहिली असती.

मग मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. म्हटलं, माझे वडील फौजेत सुभेदार. त्यांनीही शब्द दिला होता, सख्ख्या थोरल्या भावाला. माझं सर्टिफिकेट आठ महिने भावाच्या पोराच्या दुकानात होतं. आणि ज्या दिवशी त्यांना त्या बाईचं कळलं, त्या दिवशी ते स्वतः पलूसला गेले, स्टुलावर चढले, आपल्या हाताने फ्रेम उतरवली, आणि घरी आणून मला दिली. म्हणाले, पोरी, शब्द माझा होता, नाव तुझं आहे. माझ्या शब्दाचं मी बघतो.

 त्यांनी हळूच विचारलं, "आन भाऊ? भाऊ काय म्हनला?" मी म्हटलं, "दोन वर्षं बोलला नाही. मग एका दिवाळीला आपण होऊन घरी आला." त्यांनी मान हलवली. हात धुवायच्या नळाकडे गेले, खिशातून फोन काढला, आणि रानात ओरडून बोलायची सवय असल्याने मांडवातल्या सगळ्यांनाच ऐकू गेलं. "पाव्हणं, त्या गाळ्याला दुसरं मानूस बगा. न्हाई, न्हाई, पोरीचं काय म्हननं न्हाई, तिला कायबी इचारू नगा. माझंच म्हननं हाय." पलीकडून बरंच काही आलं असावं. ते ऐकत राहिले, पटका काढून काखेत धरला, आणि पुन्हा म्हणाले, "माझंच म्हननं हाय." दुकानदारांची मंडळी जिलेबी खात बघत होती. मुलगी रडत होती आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती, पहिल्याच दिवशी कोट खराब करून घेतला.

तर मी खोटं बोलले. पाळकसाहेबांनी सकाळीच एवढं बजावलेलं असताना, दुपारी, चर्चच्या आवारात. माझा त्याला इलाज नाही. कायद्याने जे झालं नाही, त्या बाईच्या फोडांनी जे झालं नाही, ते एका बापाने केलं असं ऐकून झालं, आणि असा बाप मला कुठूनतरी आणायचा होता. मी तुम्हाला उभं केलं. हवं तर रागवा. तुम्ही तेव्हा चुकला होतात, मी बरोबर होते, आणि पुन्हा तीच दुपार आली तर मी पुन्हा त्याच स्टुलावर चढेन. ह्यात मी एक अक्षर बदलणार नाही.

जाताना त्यांनी विचारलं, "वडील हायत न्हवं?" मी म्हटलं, "आहेत. गावाकडे असतात." ते म्हणाले, "लय मोठा मानूस. माझा रामराम सांगा त्यास्नी." मी म्हटलं, सांगते. तोंडातून हो गेलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर हे पत्र पाठवायचं कुठे, आणि आपल्या घरात एकमेकांना पत्र लिहायची पद्धत तरी कुठे होती. ते ह्या वहीतच राहील. रामराम तेवढा घ्या.

आणि एक सांगायचं राहिलं. मी त्यांना हेही सांगितलं, की स्टुलावर चढताना तुमच्या उजव्या गुडघ्यात कळ आली, तुम्ही भिंतीला तळवा टेकलात, फ्रेम छातीशी धरून एकेक पाय खाली घेतलात, आणि दादाकडे न बघता बाहेर पडलात. हे मला तिथे मांडवात सुचलं नाही, आप्पा. त्या दुपारी पलूसहून घरी येताना, फ्रेम मांडीवर घेऊन, मी एसटीतच हे सगळं बघायला लागले होते. अजून बघते.